झिजलेला निसणा फेकू नका, पण बसवताना आमची चूकही करू नका

१ जूनला बंदी लागली की ३१ जुलैपर्यंत आपल्याकडे जाळी दुरुस्त करणं, होडीला रंग काढणं, इंजिन उघडणं ही कामं निघतात. धार लावायच्या दगडाची आठवण मात्र कुणाला होत नाही. ह्या खेपेस आम्हीच ती काढतोय, कारण गेल्या वर्षी ह्याच कामात सोसायटीकडून चूक झाली आणि ती एका भगिनीच्या हाताला भोवली.

झालं असं. बाजारात बसणाऱ्या आपल्या बायकांकडे बहुतेक काळा कार्बोरंडमचा दगड असतो. आठ इंच लांब, दोन इंच रुंद, इंचभर जाड, एक बाजू खरबरीत, दुसरी बारीक. रोज इसवण आणि मोरी कापणारीचा दगड काही वर्षांत मधे होडीसारखा खोल होतो. खोलगट दगडावर सुरीला सरळ धार येत नाही. शिवाय दगड बुटका झाला की सुरी ओढताना बोटं खाली घासतात. म्हणून आम्ही दहा-बारा दगड पाटांवर चिकटवून दिले. सोसायटीत साधं प्लायवूड उरलं होतं, सुताराचा पांढरा गम होता, एका दुपारी काम उरकलं. फोटो ह्याच पेजवर टाकले, लाइकही भरपूर मिळाले.

नारळी पौर्णिमेनंतर बाजार भरला आणि महिन्याभरात प्लाय फुगलं. पदर सुटले, गम दुधासारखा पांढरा होऊन निघाला. एका भगिनीचा दगड ऐन धार लावताना पाटावरून निसटला आणि सुरी अंगठ्याच्या मुळाशी गेली. टाके पडले. मासळीच्या पाण्यात हात घालायचा नाही म्हणून पंधरा दिवस ती बाजारात बसली नाही. दगड खाली पडून दोन तुकडे झाला तो वेगळाच, आणि तो तिच्या सासूच्या वेळचा. औषधपाण्याचा खर्च सोसायटीने दिला, पण बुडालेल्या दिवसांचं काय? ती एवढंच म्हणाली, "तुमच्या फळयेपरस म्हजें गोणपाट बरें." बरोबरच बोलली.

त्यानंतर आम्ही होडी बांधणाऱ्यांना विचारलं, लादीवाल्याला विचारलं आणि पुन्हा करून पाहिलं. जे टिकलं ते सांगतो.

पहिली गोष्ट दगड कोरडा करण्याची, आणि बहुतेक जण तिथेच घाई करतात. दगड पाणी पितो. तेल लावायची सवय असेल तर तेलही पितो, आणि तेलकट दगडाला काहीच धरत नाही. थंड पाण्यात धुण्याचा सोडा घालून दगड त्यात ठेवायचा आणि मग पाणी हळूहळू उकळायचं. वर तेलाचा तवंग येतो. पाणी बदलून पुन्हा उकळायचं, ब्रशने घासायचं आणि भांड्यातच निवू द्यायचं. तापलेला दगड गार पाण्यात टाकलात तर तडकेल. जून-जुलैत आपल्याकडे ऊन कुठलं, म्हणून चुलीशेजारी आठवडाभर उबेला ठेवा. निखाऱ्यावर नको.

मग वरची बाजू सपाट करायची. दगडावर पेन्सिलीने आडव्या-उभ्या रेघा मारा. जुन्या सिमेंटच्या सपाट जमिनीवर पाणी आणि वाळू टाकून दगड पालथा घासा. जिथे रेघा राहिल्या तिथे खोलगट आहे. सगळ्या रेघा गेल्या की झालं. मेकॅनिक व्हॉल्व्ह घासायला जी कार्बोरंडम पावडर वापरतात ती मिळाली तर काम लवकर होतं. हात दुखतात, हे आधीच सांगतो. घासून झाल्यावर धुवा आणि पुन्हा वाळवा.

आता पाट. लाकडी हवा असेल तर मरीन प्लायच घ्या, त्यावर आयएस ७१० असा शिक्का असतो. पण कापलेल्या कडांतून पाणी शिरतं, त्या कडा इपॉक्सीने बंद केल्याशिवाय मरीन प्लायवरही भरवसा ठेवू नका. अखंड लाकूड ओलं झालं की आडवं फुगतं आणि झिजून पातळ झालेल्या दगडाला ताण देतं. मासळी कापायच्या पांढऱ्या प्लास्टिकच्या फळीचा मोह आम्हालाही झाला होता. तिला इपॉक्सी धरतच नाही, पापुद्र्यासारखी सुटते. आमच्या मते सगळ्यात बरा कडप्पा. लादीवाल्याकडे कापून उरलेले तुकडे पडलेले असतात. कडप्पा फुगत नाही, कुजत नाही आणि जड असल्याने हलत नाही. खालून ओलं गोणपाट घातलं की जेटीवरही घसरत नाही.

चिकटवायला दोन नळ्यांचं अरल्डाइट, सावकाश सुकणारं. पाच मिनिटांत घट्ट होणारं पाण्यात तेवढं टिकत नाही. दोन्ही भाग सारखे घेऊन चांगलं घोटा. कडप्पा गुळगुळीत असेल तर आधी पॉलिश पेपरने खरवडा. दगडाच्या पूर्ण तळाला लावा, मधे कोरडी जागा सोडू नका, बाहेर आलेलं बोटाने कडेभोवती फिरवून फट बुजवा. हातमोजे घाला. वर हलकं वजन ठेवून पूर्ण २४ तास हात लावायचा नाही. फार दाबलं तर सगळंच बाहेर येतं आणि आत धरायला काही उरत नाही.

एक लक्षात घ्या, चिकटवलं की दगडाची एक बाजू कायमची गेली. रोजच्या सुरीसाठी बारीक बाजू वर ठेवा. दोन्ही बाजू लागत असतील तर दगड चिकटवू नका. कडप्प्यावर दगडाच्या चारही बाजूंनी पट्ट्या चिकटवून खाचा करा आणि दगड त्यात बसवा, म्हणजे उलटता येतो.

त्या भगिनीचे दोन तुकडेही आम्ही असेच एका कडप्प्यावर जोडून बसवले आणि सपाट केले. सांधा दिसतो, पण सुरी अडत नाही. शिमग्यापासून ती त्याच्यावर धार लावतेय, फक्त दर आठवड्याला दगड हलवून बघते.

येत्या रविवारी सकाळी सोसायटीच्या शेडमध्ये हे काम आहे. कडप्पा आणि इपॉक्सी सोसायटीचं, घासायचं ज्याचं त्याने. दगड उकळून, वाळवूनच आणा, ओला आणलात तर परत पाठवू. आणि बाजूला ऑइल पेंटने नाव लिहा, गेल्या वर्षी दोघींच्या दगडांची अदलाबदल झाली होती ती अजून मिटलेली नाही.