लाल थारोळ्याचा तपास

रोज गळणारी मोटार परवडली. तिच्याखाली परात ठेवावी, आठवड्याला तेल घालावे आणि सवडीने गॅरेजात न्यावी. माझ्या डॉजची तऱ्हा निराळी होती. ती तीन-तीन आठवडे एक थेंब सांडायची नाही आणि मग एके दिवशी सकाळी तिच्या पोटाखाली बशीएवढे लाल थारोळे दिसायचे. ते पुसावे, दिवसभर गाडी हिंडवावी, रात्री विजेरी घेऊन वाकून पाहावे, तर फरशी ठणठणीत कोरडी!

गाडी १९६७ सालची डॉज डार्ट. पुण्यात तीन वर्षे खपून ती नव्यासारखी उभी केली होती. तिचे सहा सिलिंडरांचे इंजिन तीस अंशांनी एका कुशीवर कललेले असते. जेवणानंतर लोडाला टेकलेल्या गृहस्थासारखे ते दिसते. क्लचचे पायडल नाही. गिअर आपोआप पडतात. क्रायस्लर कंपनीने १९५६ साली काढलेल्या या गिअर बॉक्सचे नाव टॉर्कफ्लाइट, आणि माझ्या गाडीत आहे ती १९६० साली निघालेली त्याची धाकटी आवृत्ती.

या गिअर बॉक्समधले तेल म्हणजे नुसते वंगण नव्हे. दोन पंखे समोरासमोर ठेवावेत, एक चालू करावा आणि त्याच्या वाऱ्याने दुसरा फिरू लागावा, तसा हा कारभार आहे. वाऱ्याच्या जागी तेल आणि पंख्यांच्या जागी टॉर्क कन्व्हर्टर नावाचे घागरीएवढे बंद भांडे. इंजिनची ताकद तेलातून चाकांकडे जाते आणि त्याच तेलाच्या दाबाने गिअर बदलणारे पट्टे आवळले जातात. तेल कमी पडले की पट्टे घसरतात, तापतात आणि जळतात. म्हणजे प्रश्न फरशीवरच्या डागाचा नव्हता. बरे, डागही साधा नव्हता. गाडी उभी असते तिथूनच जिन्याची वाट जाते आणि वरच्या मजल्यावरच्या आजी रोज पहाटे त्या वाटेने देवळात जातात. एकदा त्यांची चप्पल सरकली. कठड्याने वाचवले, पण त्या दिवसापासून मला झोप लागेना.

ज्याला विचारावे तो एकच निदान सांगे, "पुढचे सील गेले!" कन्व्हर्टरची मान जिथे गिअर बॉक्सच्या पंपात शिरते तिथे रबराचे एक सील असते. ते गेले तर तेल गळणारच, यात वाद नाही. परंतु तिथवर हात पोचायचा तर सबंध गिअर बॉक्स खाली उतरवावा लागतो. त्याहून मोठी जोखीम तो परत चढवण्यात असते. कन्व्हर्टरची मान पंपाच्या खाचेत नीट बसली नसताना बोल्ट आवळले तर पंपच फुटतो, आणि पंप काही आपल्या पेठेत मिळत नाही.

ज्या मिस्त्रींनी हा गिअर बॉक्स बांधला ते सत्तरीला आलेले. असला गिअर बॉक्स निर्धास्तपणे उघडणारे हात आता फार थोडे उरले आहेत. लोक काय म्हणतात ते मी त्यांच्या कानावर घातले. त्यांनी हातातला पाना खाली ठेवला.

"साहेब, ते सील मी माझ्या हाताने बसवलंय. गेलं असेल तर गिअर बॉक्स उतरवीन, एक पैसा घेणार नाही. पण गेलंय हे आधी दाखवा मला."

मागणी रास्त होती. मी तपासाला लागलो.

पहिला प्रश्न, हे तेल कोणते? इंजिनचे तेल काळपट. ब्रेकचे तेल लाल नसते. पॉवर स्टीअरिंग असते तर त्यावर संशय घेता आला असता, कारण त्यातही बहुधा हेच लाल तेल घालीत. पण माझ्या गाडीला ते नाही. तेव्हा तेल गिअर बॉक्सचेच. या तेलात लाल रंग मुद्दाम घालतात तो अशा ओळखपरेडीसाठीच. (जाता जाता सांगतो, १९७०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत अमेरिकेत या तेलात देवमाशाचे तेल मिसळीत. ते पट्ट्यांना फार मानवे. पुढे देवमाशांना संरक्षण मिळाले आणि रसायनशाळांना दुसरे मिश्रण शोधावे लागले.)

दुसरा प्रश्न, गळते कुठून? इथे भले भले फसतात. थेंब जिथे पडतो तिथून तो निघालेला नसतो. गाडी चालताना वारा त्याला मागे ढकलतो आणि गाडी उभी राहिली की तो सरकत सरकत सर्वांत खालच्या बोल्टवर जाऊन लोंबतो. म्हणून गाडी घोड्यांवर चढवली, खालची सारी बाजू रॉकेलने धुऊन कोरडी केली आणि तिला टाल्कम पावडर फासली. नवरीलासुद्धा इतकी कोणी लावीत नसेल! मग कात्रजचा घाट चढून-उतरून आलो. पावडर होती तशी पांढरी. एका स्नेह्याच्या सल्ल्याने तेलात चमकणारा रंग घातला आणि जांभळ्या प्रकाशाची विजेरी घेऊन शोधले. काही चमकले नाही.

हा पुरावा मला मोलाचा वाटला. पुढच्या सीलची खरी कसोटी गाडी चालताना लागते. कन्व्हर्टरची मान त्यात गरगर फिरते आणि तेल तापून पातळ झालेले असते. ते सील फुटके असते तर घाटात गळले असते. ही गाडी पळताना कोरडी आणि झोपेत ओली!

तेव्हा 'कुठून' हा प्रश्न बाजूला ठेवून 'केव्हा' हा धरला. गाडीखाली पुठ्ठा अंथरला, चाकांच्या जागा खडूने आखल्या आणि एक वही घातली. गाडी किती दिवस उभी होती, पाऊस होता की ऊन, डाग पडला की नाही, पडला तर केवढा. शेजाऱ्यांचा सिद्धांत असा की गाडी पावसाळ्यात गळते, दमटपणाने रबर फुगते. वहीवरून त्यांचे निरीक्षण खरे ठरले, पण कारण चूक. पावसाळ्यात डाग जास्त पडत, कारण पावसात मी ही गाडी बाहेरच काढीत नाही! तीन-चार दिवस उभ्या गाडीखाली डाग एकदाही नव्हता. नऊ-दहा दिवस उलटले की पहिला ठिपका, आणि जितके दिवस जास्त तितके थारोळे मोठे.

उभ्या गाडीत हलते काय? काहीच नाही, एक तेल सोडून. कन्व्हर्टरमध्ये एकूण तेलाच्या निम्म्याहून अधिक तेल असते आणि तो खालच्या चेंबरपेक्षा उंचावर असतो. गाडी दिवसेंदिवस उभी राहिली की ते तेल बारीक फटींतून हळूहळू चेंबरात उतरते. पातळी चढत जाते. चेंबरच्या काठाच्या जरा वर, डाव्या अंगाला, गिअरच्या दांड्याचा शाफ्ट आत शिरतो. एरवी तो तेलाच्या वर कोरडा असतो. पातळी चढली की तो बुडतो आणि त्याचे सील म्हातारे झाले असेल तर तिथून पाझर सुटतो. गाडी सुरू केली की पंप तेल वर ओढतो, पातळी उतरते, पाझर थांबतो, आणि वाकून पाहणाऱ्याला कोरडी फरशी दिसते. बरेच दिवसांनी काढलेली ही गाडी गिअर टाकल्यावर क्षणभर जागची हलत नसे, त्याचाही उलगडा झाला. कन्व्हर्टर रिकामा होता.

तर्क झाला, पुरावा हवा होता. पुन्हा पावडर लावून गाडी बारा दिवस उभी ठेवली. तेराव्या दिवशी मिस्त्रींना बोलावले. इंजिन सुरू करण्याआधी मापाची पट्टी ओढली; तेल वरच्या खुणेच्या दोन बोटे वर! मग इंजिन सुरू करून गिअर न्यूट्रलवर ठेवला. या गिअर बॉक्समध्ये पार्कवर ठेवून कन्व्हर्टर भरत नाही, न्यूट्रलच लागतो. तेल तापल्यावर पट्टी पुन्हा पाहिली, तर पातळी बरोबर खुणेवर.

मिस्त्री खाली सरकले. कन्व्हर्टरखालच्या झाकणावरची पावडर कोरडी होती. शाफ्टभोवती मात्र लाल चंद्रकोर, तिथून चेंबरच्या कडेने मागच्या बोल्टपर्यंत एक ओघळ, आणि बरोबर त्याखाली पुठ्ठ्यावरचा डाग. त्यांनी शाफ्टला बोट लावून पाहिले.

"इथं दोन सीलं असतात. मोठं नवं घातलंय. आतलं बारकं पाकिटात आलंच नव्हतं, जुनंच ठेवावं लागलं."

शाफ्ट पोकळ असतो. त्याच्या आतून कार्ब्युरेटरला जोडलेला दुसरा बारीक शाफ्ट जातो, त्याचे हे सील. बोटातल्या अंगठीहूनही लहान. ते परदेशातून यायला पाच आठवडे लागले. चेंबर उतरवून, आतली वाल्व्हची पेटी शाफ्टसकट खाली घेऊन, दोन्ही सीले बदलून, पुन्हा तेल भरेपर्यंत एक दुपार गेली. गिअर बॉक्स जागचा हलला नाही.

कन्व्हर्टर रिकामा होण्याची खोड गेलेली नाही. त्यासाठी गिअर बॉक्स उतरवणे मला मंजूर नाही आणि मिस्त्रींनाही नाही. आठवड्यातून एकदा गाडी न्यूट्रलवर ठेवून सुरू करतो, तेवढ्याने भागते. तरी खात्रीसाठी ती एकदा मुद्दाम सतरा दिवस उभी ठेवली. पट्टीवर तेल पूर्वीसारखेच दोन बोटे वर होते, पुठ्ठा कोरडा होता.

डागांचा आणि तारखांचा जुना पुठ्ठा मिस्त्रींनी मागून नेला. तो आता त्यांच्या गॅरेजात, पान्यांच्या फळीशेजारी, खिळ्याला टांगलेला आहे. कोणी गिऱ्हाईक आल्या आल्या 'पुढचे सील गेले' म्हणाले की ते काही बोलत नाहीत, त्या पुठ्ठ्याकडे बोट दाखवतात.