दूरदृष्टी मोजायची कशाने?

कारभारी कसा आहे, हे आपण त्याच्या भाषणावरून ठरवतो. फार तर मार्चअखेर किती निधी खर्च झाला, ते पाहतो. पण उद्याचा विचार त्याला किती करता येतो, हे कोणी मोजत नाही. याची किंमत खान्देशात गोरगरिबांनी चुकवली आहे.

जळगाव नगरपालिकेने १९९० च्या दशकात झोपडपट्टीवासीयांसाठी ११,४२४ घरकुलांची योजना आखली. हुडकोचे कर्ज काढले. पूर्ण झाली सुमारे १,५००, म्हणजे शंभरातली तेरा! कर्ज मात्र अनेक वर्षे महापालिकेच्या मानगुटीवर बसले. २००६ मध्ये तत्कालीन आयुक्त प्रवीण गेडाम यांनी फिर्याद दिली. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ४८ जणांना दोषी ठरवले. त्याविरुद्ध अपिले उच्च न्यायालयात गेली.

वकिलीच्या अनुभवावरून एक सांगतो. फौजदारी न्यायालय गुन्हा तपासते. नियोजन कच्चे होते की पक्के, हा त्याच्यापुढचा प्रश्न नसतो. शिवाय निकाल लागेपर्यंत झोपडीत जन्मलेले पोर मजुरीला लागलेले असते. म्हणून मोजमाप पहिल्या दिवसापासून हवे.

ते अवघड नाही. योजना मंजूर होतानाच अधिकाऱ्याने लिहून द्यावे : घरे किती, कोणत्या तारखेपर्यंत, पैसा कोठून आणि तो अडला तर पर्याय काय? मग दरवर्षी अंदाज आणि प्रत्यक्ष काम शेजारीशेजारी मांडावे. अंदाज चुकणे हा गुन्हा नव्हे; भाववाढ कोणालाही गाठते. पण चूक दिसल्यावर त्याने योजना सुधारली की तशीच रेटली? खरी परीक्षा येथे आहे. तिची नोंद त्याच्या गोपनीय अहवालात झाली पाहिजे.

१९४२ ते १९४६ या काळात श्रम खाते सांभाळताना बाबासाहेबांनी दामोदर नदीकडे केवळ पुराचे संकट म्हणून पाहिले नाही. पूरनियंत्रण, सिंचन, वीज यांचा एकत्र विचार केला. पुढच्या पिढीचा हिशेब आधी मांडणे याला नियोजन म्हणतात.

बांधवांनो, माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४(१)(ख) नुसार योजना, प्रस्तावित खर्च आणि वाटप झालेल्या रकमांचा तपशील कार्यालयांनी स्वतःहून प्रसिद्ध करायचा आहे. वस्तीतल्या शिकलेल्या मुलांनी तो मिळवावा, वहीत उतरवून ठेवावा आणि वर्षाने पुन्हा त्याच टेबलापुढे उभे राहावे. साहेबांची बदली होईल, पण वही वस्तीतच राहील.