शिवारातले पाखरू

पक्ष्यांची छायाचित्रे काढू लागलेल्या मनुष्याची पहिली हाव जवळिकीची असते; पाखरू जितके मोठे तितके चित्र उत्तम, असा ग्रह करून घेऊन तो लांब पल्ल्याच्या भिंगामागे लागतो, आणि अखेर चौकटभर पसरलेली टिटवी बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातल्या चकलांब्याची की पंजाबातली, हे तिचे तिलाच ठाऊक राहते.

१९३१-३२ साली सालिम अली यांनी हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी केली, तेव्हा बीड जिल्हा निजामाच्या अमलाखाली होता. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे पक्ष्याची नोंद म्हणजे बंदुकीने टिपलेला नमुना, आणि तो कोठे व केव्हा मिळाला याची त्याच्या पायाला बांधलेली चिठ्ठी. कॅमेऱ्याने बंदुकीची गरज पुष्कळ कमी केली हे उत्तमच झाले. परंतु चिठ्ठीचे काम आता पार्श्वभूमीने करावयाचे असते, याचा आपणांस विसर पडला.

सपाट रानात उभ्याने घेतलेल्या चित्रात पक्ष्यामागे ढेकळांखेरीज काही येत नाही. तेच पोट जमिनीला टेकवून भिंग टिटवीच्या डोळ्याच्या पातळीवर आणले, की मागची जमीन दूर सरते आणि बांधावरची बाभूळ अस्पष्ट, तरी ओळखू येईल अशी उभी राहते. डोळा मात्र रेखीव हवा. तो धूसर असला तर पिसान्‌पीस स्पष्ट येऊनही श्रम वाया गेले. पाखराची नजर ज्या दिशेस, त्या दिशेस मोकळी जागा सोडावी. नेमके मधोमध बसविलेले पाखरू सरकारी शिक्क्यासारखे दिसते.

जवळ जाण्याचे शास्त्र निराळे. इंग्लंडातील कीर्टन बंधूंनी १९०० च्या सुमारास बैलाचे कातडे पोकळ सांगाड्यावर चढवून त्याच्या पोटात कॅमेऱ्यासह दडी मारली होती. आपल्याकडे इतका खटाटोप नको. गायबगळे चरत्या गुरांच्या पायांत किडे टिपत हिंडतात, आणि सोडून ठेवलेल्या बैलगाडीचा आडोसा त्यांना खटकत नाही. कोवळे ऊन पाठीशी असावे. काळ्या रानापुढचा पांढरा बगळा कॅमेरा आपल्या हिशेबाने अवाजवी उजळ करतो, म्हणून प्रकाश किंचित कमी करावा. आकाशापुढच्या काळ्या कोतवालास नेमके उलट. टिटवी ओरडत डोक्यावर घिरट्या घालू लागली, तर जवळपास अंडी असावीत असे समजून मुकाट्याने मागे फिरावे.

परंतु या शिवाराचे खरे चित्र ज्वारी हुरड्यात आल्यावर मिळते. हिवाळ्यात परदेशांतून आलेल्या भोरड्यांचा थवा कणसांवर उतरतो, तेव्हा एकेका पाखरामागे न धावता सेकंदाच्या हजाराव्या हिश्शाचा वेग ठेवून सगळा थवाच घ्यावा, आणि मचाणावरचा गोफणवाला चौकटीच्या खालच्या तिसऱ्या भागात येऊ द्यावा. मात्र शेतमालकाची परवानगी अगोदर घ्यावी, कारण तो भोरड्या उठवण्यासाठी उभा असतो आणि आपण त्या बसाव्यात म्हणून.