घर बांधताना (लेखांक १४) : जोडबेसिनावरचे आरसे आणि दिवे

गेल्या आठवड्याच्या लेखांकात जोडबेसिनाचा ओटा किती लांब, किती उंच आणि कोणत्या दगडाचा असावा याचा विचार आपण केला. आणि ओटा एकदा मुक्रर झाला की वरची भिंत ही केवळ शोभेची बाब उरते, असा अनेक वाचकांचा समज झाला असण्याचा संभव आहे. वस्तुस्थिती अगदी उलट आहे. दोन माणसांनी सकाळच्या एकाच घाईच्या घटकेला शेजारी शेजारी उभे राहून दाढी करावी, केस विंचरावे, कुंकू लावावे, एवढ्याचसाठी ज्या सोयीवर आपण दुप्पट खर्च करतो, तिचे यशापयश ओट्याखालच्या नळांवर नव्हे, तर ओट्यावरच्या आरशांवर आणि त्यांच्या बाजूच्या दिव्यांवर अवलंबून असते.

आमच्या आजीच्या फणेरपेटीच्या झाकणात आतून एक आरसा बसविलेला असे. दुपारची झाकपाक आटोपली की ती पेटी माजघरातून उचलून पडवीत, जिथे अंगणातला मवाळ उजेड सरळ तोंडावर येई तिथे, आणून ठेवायची आणि मग झाकण उभे करायचे, हा तिचा नित्यक्रम होता. आजोबांचा दाढीचा आरसाही असाच फिरता होता. थंडीत तो खिडकीच्या गजाला टांगला जाई आणि पावसाळ्यात ओसरीच्या खांबावरील खिळ्याला. प्रकाशशास्त्राचा गंधही नसलेल्या त्या पिढीला एक तत्त्व मात्र अनुभवाने पक्के ठाऊक होते, ते हे की आरशाला उजेड लागत नाही, उजेड तोंडाला लागतो. आणि म्हणून तोंड व आरसा ही दोन्ही उचलून उजेडापाशी न्यावी लागतात. आपण आरसा न्हाणीघराच्या भिंतीत कायमचा जखडून टाकला, पण उजेडाला त्याच्यापाशी आणण्याची जी जबाबदारी त्यामुळे आपल्यावर आली, ती बहुधा कोणाच्याच ध्यानात राहिली नाही.

माझ्याही राहिली नव्हती. आमच्या नव्या सदनिकेत ओट्याच्या बरोबर वर, छतामध्ये, प्रत्येक बेसिनामागे एक याप्रमाणे दोन गोल दिवे बसवून ठेकेदाराने काम पुरे झाल्याचे जाहीर केले, आणि आम्हीही ते झगझगीत प्रतिबिंब पाहून संतोषाने मान डोलावली. पुढे महिनाभर रोज सकाळी आरशातून एक आजारी, डोळे खोल गेलेला, हनुवटीखाली काळोख साठलेला गृहस्थ माझ्याकडे पाहत राहिला. प्रकृती तपासून घ्यावी की काय, या विचारापर्यंत मी येऊन पोहोचलो असताना सौभाग्यवती शेजारच्या बेसिनापाशी कुंकू लावता लावता म्हणाली, "अहो, तुम्हाला काही झालेलं नाही. इथे मीसुद्धा अशीच दिसते. बैठकीतल्या आरशात बघा, दोघंही ठणठणीत आहोत."

तिच्या त्या निदानात या विषयाचे सारे मर्म आलेले आहे. डोक्यावरून सरळ खाली येणारा प्रकाश कपाळ, नाकाचा शेंडा आणि गालांची उंचवटी उजळतो. परंतु भुवयांची सावली डोळ्यांत, नाकाची ओठांवर आणि हनुवटीची गळ्यावर टाकतो, आणि दाढी करणाऱ्याला ज्या भागात दिसणे सर्वांत अगत्याचे, नेमका तोच भाग अंधारात राहतो. याला उपाय एकच, तो म्हणजे चेहऱ्याच्या दोन्ही अंगांना, डोळ्यांच्या पातळीवर, सारख्या तेजाचे उभे दिवे लावणे, की ज्यायोगे डावीकडची सावली उजवीकडचा दिवा पुसून टाकील आणि उजवीकडची डावीकडचा. छतातला दिवा काढून टाकावा असे नव्हे. जमीन दिसावी, पाय घसरू नये, यासाठी तो राहू द्यावा. मात्र मुखावलोकनाचे काम त्याच्याकडे सोपवू नये.

हीच कसोटी हल्ली बाजारात मिळणाऱ्या दिवेवाल्या आरशांनाही लावावी. ज्या आरशामागून प्रकाश पाझरतो आणि भिंतीवर तेजोवलय उमटते, तो दिसायला मोहक खरा, पण तो भिंतीला उजळतो, तोंडाला नाही. काचेच्या दोन्ही कडांच्या दुधी पट्ट्यांतून समोर प्रकाश फेकणारा आरसा त्या मानाने कामाचा. मात्र त्याच्या आतली विजेची पेटी बिघडली तर ती तेवढी बदलता येते की आख्खा आरसाच मोडीत काढावा लागतो, हा प्रश्न दुकानदाराला पैसे देण्यापूर्वी विचारून घ्यावा.

आता मापांकडे वळू. आणि येथे भूमिती आपल्यावर अनपेक्षित कृपा करते. सपाट आरशात आपले जितके अंग पाहायचे, त्याच्या निम्म्या उंचीचा आरसा पुरतो, मग आपण त्याच्यापासून एक हात अंतरावर उभे असू की चार हात. नियम इतकाच, की डोळा आणि पाहायचा बिंदू यांच्या उंचीच्या बरोबर मध्यावर आरसा असला पाहिजे. पती १७६ सेंटिमीटर उंच आणि पत्नी १५२ सेंटिमीटर, असे एक जोडपे उदाहरणार्थ घेऊ. डोळे माथ्याच्या सुमारे ११ सेंटिमीटर खाली असतात, तेव्हा त्याचे डोळे १६५ वर आणि तिचे १४१ वर आले. त्याला आपला माथा दिसायचा तर आरशाची वरची कड किमान १७१ सेंटिमीटरवर हवी. आणि तिला खांद्यावरचा पदर व गळ्यातले मंगळसूत्र, म्हणजे जमिनीपासून सुमारे १०० सेंटिमीटरपर्यंतचा भाग, दिसायचा तर खालची कड १२० सेंटिमीटरवर पुरे. थोडी सवड ठेवून ११० पासून १८० पर्यंत, म्हणजे ७० सेंटिमीटर उंचीचा आरसा त्या दोघांना निर्वेध चालेल, आणि ओटा ८२ सेंटिमीटरवर असला तरी नळाच्या मानेला खाली पुरेशी जागा राहील. घरात ११० सेंटिमीटर उंचीचे लेकरू असेल तर मात्र या आरशात त्याला छताखेरीज काहीही दिसणार नाही. त्याच्यासाठी खालची कड उतरवावी किंवा पायाखाली न डगमगणारा चौरंग द्यावा.

चाळिशी लागलेल्यांसाठी आणखी एक गोष्ट. प्रतिबिंब आरशाच्या पृष्ठभागावर नसते, ते आरशामागे तितक्याच अंतरावर असते. म्हणून ओट्याच्या रुंदीमुळे माणूस आरशापासून ५५ सेंटिमीटरवर अडकला की त्याचा चेहरा त्याला ११० सेंटिमीटरवरून पाहावा लागतो. बारीक कामासाठी भिंतीतून पुढे ओढता येणारा एखादा अंतर्गोल आरसा बाजूला लावणे हा त्यावरचा तोडगा. तो चेहरा मोठा व सुलटा दाखवतो, पण चेहरा त्याच्या नाभीच्या आत असेल तरच.

दोन बेसिनांवर मिळून एक लांब आरसा असावा की दोन स्वतंत्र आरसे असावेत, हा वाद घरोघर होतो. लांब आरशाने खोली प्रशस्त भासते, बसविणे सोपे जाते आणि पुसणेही सोपे. परंतु तो मधली सारी भिंत गिळून टाकतो आणि मधल्या दिव्याला जागाच ठेवीत नाही, त्यामुळे प्रत्येकाच्या एका गालावर उजेड आणि दुसऱ्यावर संधिप्रकाश, अशी वाटणी होते. काचेलाच भोके पाडून तिच्यावर दिवा बसविता येतो, पण ते कुशल हाताचे काम आहे आणि चूक झाली तर आख्खी काच जाते. म्हणून माझा कौल दोन आरशांच्या बाजूने आहे. १८० सेंटिमीटरचा ओटा असेल तर बेसिनांचे मध्य डाव्या टोकापासून ४५ आणि १३५ सेंटिमीटरवर येतात; प्रत्येक मध्यावर ६० सेंटिमीटर रुंदीचा आरसा लावला की मध्ये ३० सेंटिमीटरचा पट्टा आणि दोन्ही टोकांना १५-१५ सेंटिमीटरचे पट्टे उरतात. या तीन पट्ट्यांत तीन दिवे. दिव्यासाठी फार भपक्याची गरज नाही. दुधी आवरणाची दोन फुटी एलईडी नळी उभी लावली, तिचे खालचे टोक १२३ वर आणि वरचे १८३ वर ठेवले, तर १४१ वरचे डोळे आणि १६५ वरचे डोळे या दोहोंनाही ती समोरासमोर पडते. एकच गोळ्याचा दिवा असता तर तो दोघांपैकी कोणावर तरी अन्याय करता.

आता राहिला मधला दिवा. जमिनीच्या वाटण्या झाल्या तरी बांधावरची विहीर जशी दोघा भावांत सामायिक राहते आणि पुढची तीस वर्षे पाण्याच्या पाळीवरून तक्रारी चालू राहतात, तशीच या दिव्याची स्थिती असते. पहाटे पाचला उठणाऱ्याने तो लावायचा आणि साडेसातला येणाऱ्याने तो विझवायचा, तर बटण कोणाच्या हद्दीत असावे? जिन्यात वरून आणि खालून, दोन्हीकडून चालणारे बटण असते, तसेच येथे लावावे. आणि टोकाच्या दिव्यांना आपापल्या बाजूला स्वतंत्र बटण द्यावे, म्हणजे कज्जा कायमचा निकालात निघेल.

प्रकाश किती यापेक्षा तो कोणत्या जातीचा, याकडे अधिक बारकाईने पाहावे. खोक्यावर केल्विनचा आकडा छापलेला असतो. २७०० ते ३००० म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बची ऊब, ६५०० म्हणजे निळसर पांढरा झोत, आणि ४०००च्या आसपास मधला तटस्थ प्रकाश. न्हाणीघरासाठी ३००० ते ४००० यांमधला कोणताही घ्या, पण तिन्ही दिवे एकाच आकड्याचे घ्या. दोन गाल दोन ऋतूंत असल्यासारखे दिसणे बरे नव्हे. याहून महत्त्वाचा आकडा म्हणजे रंगनिष्ठेचा, ज्याला खोक्यावर सीआरआय म्हणतात. तो १००पैकी मोजतात आणि येथे तो ९०च्या वर असावा. कारण हलक्या दिव्यांत तांबडा रंगच नेमका दुबळा असतो, आणि आपल्या कातडीचे तेज, कुंकवाची छटा, ओठांचा रंग हे सारे तांबड्यावर जगते. तांबड्याची ही परीक्षा सीआरआयच्या सरासरीत धरलेलीच नसते, ती आर-९ या निराळ्या आकड्यात सांगतात. दुकानदाराने तो दाखविला तर माल बरा समजावा. भिंतीच्या टाइलचाही यात हात असतो. हिरव्या टाइलवरून परतलेला उजेड निकोप माणसालाही काविळीची कळा आणतो.

आरशाच्या जातीविषयी थोडेसे. आरशाचा 'पारा उडाला' असे आपण अजून म्हणतो, पण त्यात पारा राहून युगे लोटली. पूर्वी काचेमागे कथील आणि पारा यांचे मिश्रण चढवीत. १८३५ साली युस्टुस फॉन लीबिख या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने चांदीच्या क्षारापासून काचेवर चांदीचा तलम थर उतरविता येतो हे दाखविले, आणि आजचा आरसा त्याच वंशातला आहे. उडते ती ही चांदी, आणि तिचा शत्रू म्हणजे कडेतून शिरणारी ओल. कोकणातल्या पावसाळ्यात आरशांच्या कडा काळवंडतात त्या यामुळेच. म्हणून कडा घासून लेप दिलेला आरसा घ्यावा, तो भिंतीला चिकटून न लावता मागे हवेला थोडी फट ठेवावी, खालची कड ओट्यावर टेकवू नये, आणि पुसताना द्राव आरशावर न उडवता फडक्यावर घ्यावा. जाडी ५ मिलिमीटर असावी. पातळ काच किंचित वाकली तरी चेहरा वाकडा दाखवते. ६० बाय ७० सेंटिमीटरच्या अशा काचेचे वजन सव्वापाच किलोच्या घरात जाते, तेव्हा केवळ डिंकावर भिस्त न ठेवता खाली आधाराची पट्टी द्यावी.

शेवटी सुरक्षिततेचा बंदोबस्त. पाणी आणि वीज एका भिंतीवर नांदणार असल्याने दिव्यावर आयपी-४४ किंवा त्याहून वरचा शिक्का हवा. त्यातल्या दुसऱ्या चाराचा अर्थ असा की कोणत्याही दिशेने उडालेले शिंतोडे त्याला बाधत नाहीत. शॉवरची जागा दिव्यापासून दोन हात दूर असावी, आणि घराच्या मुख्य पेटीत ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी आहे की नाही याची खातरजमा करावी. आणि सर्वांत निकडीची सूचना ही, की हे सारे टाइल बसण्यापूर्वी ठरले पाहिजे. नंतर दिव्याची जागा चार बोटे हलवायची म्हणजे भिंत फोडणे आले.

आमचे दिवे अखेर भिंत फोडूनच हलवावे लागले. झिरी मारायला आलेला वायरमन नकाशा मागेल म्हणून मी कागद घेऊन उभा होतो. त्याने तो पाहिलाही नाही. "काका, कागद राहू दे. तुम्ही न् काकू जरा इथं उभे राहा," असे म्हणून त्याने आम्हा दोघांना आपापल्या बेसिनासमोर उभे केले आणि गिलाव्यावर प्रत्येकाच्या डोळ्यांच्या उंचीला पेन्सिलीने एक एक रेघ ओढली. पडवीत पेटी उघडणाऱ्या आजीची रीत त्याला कोणी शिकविली, कोण जाणे. त्या रेघा आता टाइलखाली गेल्या आहेत; पण आरशातला तो आजारी गृहस्थ तेव्हापासून दिसलेला नाही.

(पुढील लेखांकात : न्हाणीघरातील वाफ आणि हवा बाहेर काढण्याची तजवीज)