घराचे पांघरूण

चैत्र सरून वैशाख लागला की पुण्या-सोलापुराकडच्या स्लॅबच्या घरांतून एकच तक्रार ऐकू येते : बाहेर गार वारा सुटला आहे आणि घरात मात्र भट्टी! रात्री दहाच्या सुमारास गच्चीवर सुख वाटते, पण तिच्याच खालच्या खोलीत पंखा उकळता वारा अंगावर फेकीत असतो. उष्णता घरात कोणत्या वाटेने शिरते आणि कोठे दबा धरून बसते, एवढे समजले म्हणजे या तक्रारीचा उलगडा होतो आणि उपायही सुचतो. तो उपाय घराच्या आत नसून बाहेर आहे.

प्रथम छपराचा विचार करू. पुण्यात मे महिन्याच्या मध्यास दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो. अशा वेळी दक्षिणेच्या भिंतीवर ऊन जवळजवळ पडतच नाही; सारा मारा गच्चीवर होतो. उघड्या स्लॅबचा पृष्ठभाग ६० अंशांपर्यंत तापतो. खाली खोलीत ३४ अंश आहेत असे धरा. पाच इंची स्लॅबमधून होणारे वहन आणि छताखालच्या हवेच्या थराचा विरोध जमेस धरून हिशेब केला, तर दर चौरस मीटरला सुमारे १०० वॉट उष्णता खाली उतरते. दहा फूट बाय बारा फूट खोलीचे क्षेत्रफळ सुमारे ११ चौरस मीटर. म्हणजे अकराशे वॉटची विजेची शेगडी छताला उलटी टांगून आपण तिच्याखाली जेवायला बसतो! हा हिशेब स्थिर स्थितीचा व ढोबळ आहे, हे खरे. पण त्याने अंदाज येतो.

आता याच स्लॅबवर दोन इंच जाडीचा उष्णतारोधक फोमचा थर घातला, तर तीच शेगडी दीडशे वॉटांवर येते. या हलक्याफुलक्या पदार्थात एवढी जादू कसली? जादू त्या पदार्थाची नव्हेच. ती त्यात कोंडलेल्या हवेची. स्थिर हवा ही उष्णतेची फार वाईट वाहक आहे. घोंगडीची ऊब लोकरीच्या धाग्यांत अडकलेल्या हवेची असते. साध्या थर्माकोलचा एक इंच थर हा विटांच्या सुमारे वीस इंच बांधकामाइतका विरोध करतो. बर्फवाला लादीभोवती लाकडाचा भुसा व गोणपाट गुंडाळतो, ते याच न्यायाने. पांघरुणाला ऊन आणि थंडी यांत भेद नाही. ते फक्त वाट अडवते. (माठाला ओले फडके गुंडाळतात ती गोष्ट वेगळी. तिथे पाणी वाफ होताना उष्णता घेऊन जाते.)

कोणी म्हणेल, मग खोलीच्या आतूनच छताला पत्रे लावावेत, सोपे पडेल. येथेच खरी मेख आहे. काँक्रीट व वीट उष्णता साठवून ठेवतात. नऊ इंची विटांच्या भिंतीतून उष्णता आत पोचायला सहा ते आठ तास लागतात. म्हणून संध्याकाळी चार-पाचला तापलेली पश्चिमेची भिंत मध्यरात्री आपला हिशेब चुकता करते. पांघरूण आतून घातले, तर स्लॅब दिवसभर तापतोच, प्रसरण पावतो, आणि कठड्याच्या सांध्यांशी तडे जातात. बाहेरून घातले, तर ते सारे वजनदार बांधकाम सावलीत राहते. रात्री खिडक्या उघडून गार वारा आत घ्यावा. स्लॅब व भिंती ती शीतलता साठवतात आणि दुसऱ्या दुपारी उपयोगी पडतात. फक्त तासभर वातानुकूलन चालवायची खोली असेल, तर आतले अस्तर लवकर गुण देते, हे मात्र मान्य केले पाहिजे.

आपल्या पूर्वजांना वॉट ठाऊक नव्हते, पण माळवदावरचा जाड मातीचा थर, वाड्यांच्या हातभर रुंद भिंती, गच्चीवर उपडी मडकी मांडून वर कोबा करण्याची रीत, ही याच जातीची. कोकणची गोष्ट निराळी. तिथे रात्रही दमट व उबदार. साठवायला शीतलताच नाही. म्हणून तिथे उतरते कौलारू छप्पर, पडवी आणि वारा हेच शहाणपण.

थंड देशांत सर्व भिंतींना बाहेरून असे अंगरखे चढवतात. १९७३ च्या तेलटंचाईनंतर युरोपात त्याचा झपाट्याने प्रसार झाला. आपण त्यांची सरसकट नक्कल करू नये. आधी गच्ची, मग पश्चिमेची भिंत, आणि खिडक्यांवर बाहेरून सावली. आपल्या २०१८ च्या इको निवास संहितेने छपरातून जाणाऱ्या उष्णतेवर दर चौरस मीटरला, दर अंश फरकास १.२ वॉट अशी मर्यादा घातली. उघडा पाच इंची स्लॅब तिच्या जवळजवळ तिप्पट भरतो. एक इंचाचा चांगला थर तिच्यात बसवतो.

परंतु एक धोका ठणकावून सांगितला पाहिजे. हे फोम जळतात. लंडनमधील ग्रेनफेल टॉवर या २४ मजली इमारतीला नूतनीकरणात बाहेरून असेच आवरण चढवले होते. १४ जून २०१७ च्या पहाटे आग त्या आवरणावरून वर चढली आणि ७२ माणसे दगावली. उंच इमारतीच्या भिंतीला न जळणारी खनिज लोकरच लावावी. थोड्या बचतीसाठी यात तडजोड करू पाहणाऱ्या ठेकेदारास दारातूनच परत पाठवावे.

गच्चीच्या कामात दुसरा शत्रू पाणी. आधी गळती थांबवावी, उतार नीट करावा, मग पाणी न शोषणाऱ्या फोमचे तक्ते, त्यांवर कोबा व शेवटी पांढरी फरशी, असा क्रम ठेवावा. जुन्या इमारतीत जादा वजन पेलेल की नाही, हे अभियंत्यास विचारावे. हे सारे पावसापूर्वी उरकले पाहिजे. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी निदान मालकाच्या परवानगीने गच्चीला पांढऱ्या चुन्याचे दोन हात द्यावेत. ऊन परतवण्याचे काम तोही करतो, मात्र पावसात धुऊन जातो आणि दर उन्हाळ्यास पुन्हा द्यावा लागतो.