मॉपीच्या पोटातलं इंजिन

एप्रिल 1960 मध्ये मायामी ते नासाऊ अशी मोटरबोटींची शर्यत झाली. त्या दिवशी समुद्र इतका खवळलेला होता की बहुतेक स्पर्धकांना दिवस मावळायच्या आत नासाऊ गाठता आलं नाही. डिक बर्ट्रम यांची ‘मॉपी’ मात्र सुमारे आठ तासांत पोहोचली. दुसरी बोट आली ती तिच्यानंतर दोनेक तासांनी, आणि तीही मॉपीच्याच आरेखकाची, रे हंट यांची. तोवरच्या वेगवान बोटींचा तळ मागच्या बाजूला सपाट होत जायचा आणि लाटेवर आपटायचा. हंट यांनी नाळेपासून शेवटपर्यंत तळाची धार कायम ठेवली, त्यामुळे मॉपी लाट कापत गेली. त्याच लाकडी बोटीवरून साचा काढून फायबरग्लासची ‘बर्ट्रम 31’ तयार झाली आणि 1961 च्या न्यूयॉर्क बोट प्रदर्शनात लोकांसमोर आली.

पुढची वीस-बावीस वर्षं ही बोट बांधली जात होती. फ्लोरिडा, बहामा, कॅलिफोर्निया, जिथे जिथे हौशी लोक मार्लिन आणि ट्यूनासाठी गळ टाकतात, तिथे आजही ती दिसते. तळ अजून ठणठणीत, पण इंजिनं थकलेली, अशी या बोटींची अवस्था आहे. म्हणून जुनी बर्ट्रम घेणाऱ्या प्रत्येकापुढे कधी ना कधी एकच प्रश्न उभा राहतो: आता पोटात पेट्रोल घालायचं की डिझेल?

कारखान्यातून निघाल्या तेव्हा यांतल्या बहुतांश बोटींत पेट्रोलवर चालणाऱ्या व्ही-8 इंजिनांची जोडी होती. त्या काळात हौशी बोट म्हणजे पेट्रोल हे गृहीतच होतं. हेमिंग्वेने 1934 साली ब्रुकलिनच्या व्हीलर कारखान्यातून घेतलेल्या ‘पिलार’मध्येही दोन्ही इंजिनं पेट्रोलचीच होती. एक 75 अश्वशक्तीचं क्रायस्लर, आणि गळ ओढत सावकाश फिरण्यासाठी 40 अश्वशक्तीचं लहान लायकमिंग. डिझेल तेव्हा बोटीसाठी फार अवजड होतं. दुसऱ्या महायुद्धात सैनिक उतरवणाऱ्या हिगिन्स बोटींमध्ये जी 6-71 डिझेल इंजिनं बसवली गेली, ती युद्धानंतर स्वस्तात विकली गेली आणि पुष्कळ मासेमारी बोटींत आली. पण ती टनभर वजनाची. एकतीस फुटी बोटीत तशी दोन बसवायची म्हणजे तिची चपळाई संपली.

दोन्ही इंजिनांमधला मूळ फरक जाळण्याच्या रीतीत आहे. पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधन आधी मिसळतं आणि प्लगची ठिणगी ते पेटवते. डिझेलमध्ये आधी नुसती हवा दाबली जाते, सोळा ते वीस पटींनी. ती इतकी तापते की नोझलमधून डिझेलचा फवारा आत गेला की आपोआप भडका उडतो. एवढा दाब सोसायचा तर ब्लॉक, पिस्टन, क्रँक सगळं दणकट लागतं. वजन आणि किंमत वाढते ती इथेच, आणि आयुष्यही इथेच वाढतं. अमेरिकेत सर्वसाधारण अंदाज असा सांगतात की समुद्रातलं पेट्रोल इंजिन खोलावं लागतं ते दीडेक हजार तासांनी, डिझेल पाचेक हजार तासांनी.

आता इंधनाचा हिशोब. दोनशे अश्वशक्ती सतत काढायची तर पेट्रोल इंजिन तासाला साठ-बासष्ट लिटर पितं, डिझेल चाळीस-बेचाळीस. दोन इंजिनं म्हटल्यावर तासाला चाळीस लिटरांचा फरक. आकडा मोठा वाटतो. पण हौशी माणूस वर्षाला बोट चालवतो किती? शंभर तास म्हणजे पुष्कळ. वर्षाचे चार हजार लिटर वाचले, लिटरला एक डॉलर धरला तर चार हजार डॉलर. नव्या डिझेल जोडीसाठी पेट्रोल जोडीच्या निदान दुप्पट पैसे मोजावे लागतात, तेव्हा वरचे पैसे वसूल व्हायला दहा वर्षंही पुरी पडायची नाहीत. दीड हजार तास पुरे व्हायलासुद्धा पंधरा वर्षं लागतील.

ससून डॉकच्या किंवा मिरकरवाड्याच्या ट्रॉलरवर हा प्रश्नच कुणी विचारत नाही. तिथे इंजिन दिवसचे दिवस चालतं, वाचलेला प्रत्येक लिटर नाखवाच्या घरात जातो, आणि डिझेलवरच्या कराचा परतावा उशिरा आला तर बंदरात बोंब होते. तिथला हिशोब डिझेलच्या बाजूनेच लागणार. फ्लोरिडातल्या रविवारच्या गरवणाऱ्याचा हिशोब पेट्रोलच्या बाजूने लागतो, आणि पुष्कळ जाणकार तिथेच थांबतात. मला ते पटत नाही.

कारण बंद बोटीत पेट्रोल ठेवणं हा खर्चाचा प्रश्न नाहीच. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. मोटारीत गळती झाली तर वाफ खाली रस्त्यावर पसरून विरते. बोटीला खाली रस्ता नसतो, भांड्यासारखा बंद तळ असतो. वाफ तिथे साचते, वरून काही दिसत नाही, आणि स्टार्टरची एक ठिणगी पुरते. म्हणूनच अमेरिकेत अशा बोटीवर सूचना चिकटवलेली असते की इंजिन सुरू करण्याआधी चार मिनिटं तळातली हवा ओढून टाकणारा पंखा चालवा आणि इंजिनाच्या कप्प्यात वाफ आहे का ते तपासा. अनुभवी माणूस पंख्यावरही विसंबत नाही. बर्ट्रम 31 मध्ये इंजिनं मागच्या उघड्या भागातल्या दोन खोक्यांखाली असतात. तो खोक्याचं झाकण उचलतो, वाकतो, तळापर्यंत नाक नेतो आणि मगच चावी फिरवतो. डिझेलची वाफ साध्या तापमानाला पेट घेण्याइतकी बनतच नाही. ते गळलं तर घाण होते, वास सुटतो, पोटात ढवळतं. पण स्फोट होत नाही. पेट्रोलच्या धुरात कार्बन मोनॉक्साइडही कितीतरी जास्त. बोट पुढे जाताना केबिनच्या मागे हवेची पोकळी तयार होते आणि मागे सोडलेला धूर परत आत ओढला जातो. त्या वायूला रंग नाही, वास नाही.

दुसरी गोष्ट आपल्याकडच्या वाचकांना लगेच समजेल, कारण ई-20 ची चर्चा आता पेट्रोलपंपावर रोज चालते. अमेरिकेत 2000 नंतरच्या दशकात दहा टक्के इथेनॉलचं पेट्रोल सर्रास आलं, तेव्हा जुन्या बर्ट्रम आणि हॅटरस बोटींच्या मालकांवर संकट कोसळलं. या बोटींच्या इंधनटाक्याच फायबरग्लासच्या होत्या. इथेनॉलने त्यातलं रेझिन विरघळवलं, ते इंजिनात जाऊन व्हॉल्व्हवर काळ्या चिकट थरासारखं बसलं, आणि चांगली चालणारी इंजिनं निकामी झाली. टाकी बदलायची तर डेक कापावा लागतो. शिवाय इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि पाणी फार झालं की ते पेट्रोलपासून सुटून तळाला बसतं. महिनोन्‌महिने धक्क्याला बांधून ठेवलेल्या बोटीत हे हमखास घडतं. हौशी बोटीचं इंजिन झिजून कमी मरतं, पडून राहून जास्त मरतं. तासांच्या हिशोबात नेमकं हेच सुटतं.

डिझेलही काही साधंभोळं नाही. त्याच्या टाकीत पाणी साचलं की पाणी आणि डिझेलच्या सीमेवर जीवाणू-बुरशी वाढते. समुद्र शांत असतो तोवर ती खाली पडून राहते, बोट हिंदकळू लागली की ढवळून फिल्टर तुंबवते, म्हणजे इंजिन बंद पडतं ते नको त्या वेळी. म्हणून फिल्टरखाली पारदर्शक वाटी असते. निघण्याआधी तिच्यात डोकावायचं: पाणी आहे का, काळे तंतू दिसतात का. खाऱ्या पाण्याने थंड होणाऱ्या भागांत जस्ताच्या कांड्या असतात. इंजिनाऐवजी त्या गंजून संपाव्यात यासाठीच त्या घालतात, आणि त्या वेळेवर बदलल्या नाहीत तर हजारो डॉलरचा कूलर पोखरला जातो. नोझल, पंप, टर्बो, सगळ्याची दुरुस्ती महाग.

तरीही बर्ट्रमच्या पोटात आता बहुधा डिझेल येतं, आणि त्यात एका इंजिनाचं नाव सतत ऐकू येतं: कमिन्सचं सहा सिलिंडरचं, 5.9 लिटरचं बी मालिकेतलं. कमिन्स हे नाव पुण्याला 1962 पासून, किर्लोस्कर कमिन्सपासून ओळखीचं आहे, आणि हेच 5.9 लिटरचं इंजिन जमशेदपूरला टाटांच्या ट्रकसाठीही बनलं. वजनाने ते मोठ्या पेट्रोल व्ही-8 पेक्षा फारसं जड नाही. टायमिंगचा पट्टा नाही, गिअर आहेत. जुन्या नमुन्यात इंधनपंपही यांत्रिक. किनाऱ्यापासून पन्नास मैलांवर, ओल्या खाऱ्या हवेत, प्लग, कॉइल आणि वायरींचं जंजाळ नसणं किती मोलाचं असतं ते तिथे गेलेल्यालाच कळतं. मार्लिनला डिझेलची घरघर आवडते असंही तिथले गरवणारे सांगतात. ती श्रद्धा आहे, आणि मी तिच्या वाटेला जात नाही.

मी पेट्रोलच्या विरुद्ध आहे तो बोटीच्या पोटातल्या पेट्रोलच्या. बाहेर, मागच्या फळीवर टांगलेल्या आउटबोर्डची गोष्ट वेगळी. तिथे निदान इंजिन आणि त्याच्या ठिणग्या उघड्या हवेत असतात, वजन कमी, बिघडलं तर अख्खं उतरवून नवं लावता येतं. तीस फुटांच्या आतबाहेरच्या नव्या बोटींत आज त्यांचंच राज्य आहे. मर्क्युरीने तर 2021 मध्ये 600 अश्वशक्तीचं व्ही-12 आउटबोर्ड आणलं. नवी बोट, दिवसभराची फेरी, वर्षाला पन्नास-साठ तास, असं असेल तर मीही आउटबोर्डच घ्या म्हणेन.

काही मालक जुन्या बर्ट्रम 31 च्याही मागे कंस बसवून आउटबोर्ड लावतात. ते मात्र करू नये. हंट यांच्या आरेखनात इंजिनांचं वजन बोटीच्या मध्याजवळ आहे. ते शेपटाकडे ढकललं की नाळ वर उचलली जाते आणि लाट कापणारी धार पाण्याबाहेर राहते. शिवाय मार्लिन शेवटी बोटीच्या मागच्या कडेशीच आणला जातो, आणि तिथे दोन पंखे फिरत असले तर दोरी तुटायला एक क्षण पुरतो.