सिगारेटच्या पाकिटात काय काय असते?

श्रोतेहो, सिगारेट म्हणजे काय, असे कोणी विचारले तर आपण सांगू, कागदाच्या नळीत भरलेली चिमूटभर तंबाखू. ते खरेच आहे. पण नुसती तंबाखूच विकायची असती, तर जाहिरातीत घोडेस्वार आणि खेळाडू कशाला लागले असते? तंबाखूच्या जोडीला आणखी काय विकले गेले, आणि लोकांची नजर कशी बदलत गेली, ते आज पाहू.

गोष्ट अमेरिकेतली, १९२९ सालची. बाईने भररस्त्यात सिगारेट ओढणे तेव्हा तिकडेही वाईट समजत. म्हणजे निम्मे गिऱ्हाईक बंदच! तेव्हा एडवर्ड बर्नेज या प्रचारतज्ज्ञाने न्यूयॉर्कच्या ईस्टर मिरवणुकीत काही तरुणींना सिगारेटी पेटवून चालायला लावले. या स्वातंत्र्याच्या मशाली आहेत, असा गाजावाजा झाला. त्या मशालींचा खर्च मात्र सिगारेट कंपनीचा होता.

पुढे १९५० साली इंग्लंडमध्ये रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल या संशोधकांनी इस्पितळांतल्या रोग्यांची विचारपूस करून दाखवले की, फुफ्फुसाचा कर्करोग आणि सिगारेट यांचे जवळचे नाते आहे. लोक घाबरले. कंपन्यांनी काय करावे? सिगारेटच्या टोकाला गाळणी, म्हणजे फिल्टर, लावून तिचा गवगवा केला. पण फिल्टरची सिगारेट ही बायकांची, असा पुरुषांचा समज होता. मार्लबरो ही तर मुळात बायकांसाठीच खपवलेली सिगारेट. मग १९५० नंतरच्या दशकात तिच्या जाहिरातीत घोड्यावरचा रांगडा गुराखी आला. त्याच नावाची सिगारेट आता मर्दानी ठरली! गिऱ्हाइकाला गाळणीचा दिलासा मिळाला, मर्दानगीही मिळाली; धूर होता तो होताच.

१९६४ साली अमेरिकन सरकारच्या सर्वोच्च वैद्यकीय अधिकाऱ्याच्या अहवालाने धूम्रपान हे कर्करोगाचे कारण असल्याचे स्पष्ट सांगितले. १९८१ साली जपानमधील हिरायामा यांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली. नवरा सिगारेट ओढणारा असला, तर स्वतः कधी न ओढणाऱ्या बायकोलाही फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. इथे विचारांना वळण मिळाले. "माझे शरीर, माझी मर्जी" हे म्हणणे लंगडे पडले. धूर काही ओढणाऱ्यापाशीच थांबत नाही.

आपल्याकडे १९७५ च्या कायद्याने पाकिटावर धोक्याची सूचना आली, पण बारीक अक्षरांत. ती वाचतो कोण? १९९६ साली भारत, पाकिस्तान आणि श्रीलंकेत झालेल्या क्रिकेटच्या विश्वचषकाला तर विल्स या सिगारेटचेच नाव होते. घराघरांतली मुले धावांबरोबर ते नावही पाठ करीत होती. २००३ च्या कायद्याने अशा जाहिराती आणि पुरस्कार बंद केले. २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदीचे कडक नियम आले. पूर्वी गाडीत शेजाऱ्याने विडी पेटवली, की आपण तोंड फिरवून बसायचो. आता "बाबा, विझव ती" असे हक्काने म्हणता येते. २०१६ पासून पाकिटाच्या दोन्ही बाजूंचा ८५ टक्के भाग रोगाच्या चित्राने आणि सूचनेने व्यापला. जे पाकीट ऐट विकत होते, तेच आता रोग दाखवू लागले.

पण यातही एक पळवाट राहिली, बरं का. टपरीवर सुटी सिगारेट मिळते. तिला पाकीट नाही, म्हणून चित्रही नाही. आणि खिशात दोन पैसे असलेल्या पोराला परवडते ती सुटीच. महाराष्ट्रात २०२० साली सरकारने सुट्या सिगारेटी-विड्या विकण्यास मनाई केली, ती याच कारणासाठी. आणि विडी पानाची, म्हणून निरुपद्रवी, असे कोणी समजू नये. ती विझू नये म्हणून वरचेवर ओढावी लागते, आणि धूर तितकाच घातक असतो.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, शाळेपासून १०० यार्डांच्या, म्हणजे सुमारे ९१ मीटरच्या आत तंबाखू विकता येत नाही, आणि १८ वर्षांखालील मुलाला तर कुठेच विकता येत नाही. मुलांकडून एकदा हे अंतर मोजून घ्या. गणिताचा धडाही होईल आणि वाटेत टपरी लागली, तर ग्रामपंचायतीला सांगायला आकडाही हाती असेल. जुनी जाहिरात दाखवून वर्गात दोन प्रश्न विचारा: या चित्रात काय दाखवले आहे? आणि त्याचे पैसे कोणी दिले?

घरच्या वडीलधाऱ्यांना एवढेच सांगणे, की "जा रे, एक विडीबंडल घेऊन ये" असे म्हणून पोराला दुकानात पाठवू नका. कायद्याने भिंतीवरच्या जाहिराती पुसल्या. घरातली जाहिरात आपणच बंद करायची आहे.